हाजिर, साब!

हवालदार शालीकराम डोंगरवार सतरा वर्षं तोफेशेजारी उभे राहिले आणि दोन्ही कान तिथंच ठेवून नवेगाव बांधला परतले. कानाचं यंत्र सरकारकडून मिळतं हे ठाऊक होतं, पण मागायला जीव धजत नव्हता. गावात तलावाचं पाणी वाटताना बांधावरून हाक देतात. हाकेला ओ दिली नाही की पाणी पुढच्याच्या शेतात. गेल्या हंगामात धान डोळ्यांदेखत वाळलं, तेव्हा कुठे त्यांनी अर्ज केला.

माजी सैनिकांच्या दवाखान्यात खिडकीवरच्या बाबूने अर्ज घेतला. 'दोन्ही कानांनी ऐकू येत नाही' असं त्यावर ठळक लिहिलेलं. बाबूने बाकाकडे बोट दाखवलं: बसा, नाव पुकारू. आता बोला! बहिऱ्याला नाव पुकारणार! पण फौजी माणूस. जिथं बसवलं तिथून हुकमाशिवाय हलायचं नाही. ताठ बसून राहिले. दुपारी खिडकी बंद झाली आणि अर्जावर शेरा पडला: गैरहजर. पुढच्या महिन्यातही तेच. सीमेवर एक दिवस गैरहजर न राहिलेल्या माणसाला हा शेरा! अंगाचा तिळपापड होणार नाही तर काय? शिवाय अर्जाच्या तळाशी छापलेलं: तीनदा गैरहजर राहिल्यास अर्ज रद्द.

सुभद्राबाईंच्या गुडघ्यांना एसटीचे हेलपाटे झेपत नव्हते. त्या नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "अजी, बाकावर कायले बसता? खिडकीपुढंच उभे राहा. त्याचं तोंड हाललं का 'हाजिर' म्हना!"

तिसऱ्या खेपेला शालीकराम तसेच उभे राहिले. बाबूचे ओठ हलले.

"हाजिर, साब!"

कवायतीच्या मैदानावरचा आवाज तो. ज्याचं नाव होतं तो चैतराम उठता उठता खाली बसला. पुन्हा ओठ हलले, पुन्हा "हाजिर!" नाव चंद्रकुमारचं होतं. सातव्या नावाला बाबूचं टाळकं सरकलं.

"हवालदारजी, हर नाम आपका है क्या?"

"हाजिर, साब!"

बाबूने अर्ज ओढला, काहीतरी खरडलं आणि काचेखालून पुढे सरकवला.

'हाक मारताच तत्परतेने उत्तर देतात. यंत्राची गरज नाही.'

शालीकरामांनी ते दोनदा वाचलं. मग काचेखालून हात घालून बाबूचं पेन काढून घेतलं आणि त्या शेऱ्याखाली लिहिलं: 'कोणाच्याही नावाला.' खाली सही, हुद्दा, फौजेतला नंबर. आणि हुकूम नसताना, आयुष्यात पहिल्यांदाच, रांग मोडून त्यांनी डॉक्टरांचं दार ढकललं.