लोकरीच्या अठ्ठावीस गाठी

पलूसच्या जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारा धनगर बसला होता. पायाशी काळं कुत्रं, हातात गाठी मारलेला लोकरीचा दोरा. कुत्र्याला गोचिडाचा ताप आल्यापासून रोजची गोळी भाकरीत घालून चारली की एक गाठ मारायची, असा त्याचा नेम. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांच्या अठ्ठावीस गाठी झाल्या म्हणून तो रक्त तपासायला आला होता.

माझ्या कुत्रीचा तोच ताप उलटला होता. आठव्या दिवशी ती जेवायला लागली आणि मी शहाण्याने गोळ्या बंद केल्या, हे मी त्याला सांगितलं.

"आमचं बी आठव्या दिशी मेंढरांमागं पळाया लागलं व्हतं," तो म्हणाला. "पर बरं झालंय का न्हाई, ते रगत सांगंल. आपुन कोन सांगनार?"

रिपोर्ट चांगला आला. त्याने कुत्र्याचा ओठ वर करून गुलाबी हिरड्या मला दाखवल्या, घरातला दागिना दाखवावा तशा. मग कोपरीच्या खिशातून एक कोरा दोरा काढून माझ्या हातात दिला.

काल मी सव्विसावी गाठ मारली. कुत्री कधीचीच अंगणभर पळते आहे. अजून दोन राहिल्या आहेत.