‘काय म्हणता ती?’: घाटातले वासुनाना

वासुनाना परब यांची आणि माझी ओळख जवळजवळ मारामारीतूनच झाली. फोंडाघाटच्या बाजारात मी ट्रक उभा करून चहा पीत होतो. एक अनोळखी गृहस्थ टॉमीने, म्हणजे चाके खोलायच्या लोखंडी दांड्याने, माझ्या टायरांवर ठोके मारताना दिसले. चोर समजून मी धावलो. मान वर न करता ते म्हणाले, “मागचो भितरलो टायर बसलो हा. घाट चढू नको.” टायर खरोखरच बसला होता. तरी हवा यांनीच काढली असावी, असे मला बरेच दिवस वाटत होते.

नाना माझ्याहून संशयी. आपल्या जुन्या, लांब नाकाच्या ट्रकमधून त्यांनी जन्मभर चिरे वाहिले. पण नवा टायर, हुशार मेकॅनिक, निरभ्र आभाळ, कशावरच भरवसा ठेवला नाही. घाटाच्या पायथ्याशी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणे घालायचे, तेही ब्रेक तपासून झाल्यावर. चढणीला कुणी तोंड उघडले, की दटावायचे, “गप रवा, गाडी बोलता हा!” माझी गाडी घाटात बंद पडली तेव्हा आपली भरलेली गाडी बाजूला लावून ते दिवसभर माझ्यापाशी थांबले. डब्यातली भाकरी दिली, तीही आधी वास घेऊन.

पुढे त्यांच्या चिरंजीवांनी नवा ट्रक घेतला. खोटे कशाला बोलू, त्यात हात भरून येत नाहीत आणि डिझेलही कमी लागते. पण जुनी गाडी तक्रार करते, नवी चुगली करते. आपण चहाला कुठे थांबलो, ते मालकाच्या, म्हणजे चिरंजीवांच्या, मोबाइलवर आधी पोचते. नाना म्हणत, “ही आपणाक काय सांगणा नाय, झिलाक सांगता.”

आणि हेच नाना गेल्या वर्षी गुपचूप त्या नव्या गाडीत जाऊन बसू लागले! म्हातारा फितूर झाला, आता जुनी गाडी भंगारात जाणार, अशी माझी खात्रीच झाली.

एके सकाळी मी त्यांच्यासोबत जुन्या गाडीतून निघालो. मागचे चाक सारखे करकरत होते. नाना तशीच गाडी चालवत राहिले. पायथ्याशी गाऱ्हाणे झाल्यावर मी विषय काढला.

“खंयचो आवाज?” त्यांनी विचारले.

त्यांना उतरवून, किल्ली घेऊन मी गाडी थोडी पुढे नेऊन दाखवली. ते चाकाजवळ वाकून उभे राहिले. मग किल्ली माझ्या हातात राहू देत म्हणाले, “माका कधीच कळला होता, माझे कान गेले रे. त्या नव्या गाडयेत बिघाड झालो की दिवो तरी पेटता, म्हणान बघूक जाय होतंय. पण कानाचा काम दिव्यार कसा भागात? आता ही तूच चलय.”

सगळ्यांवर संशय घेणाऱ्या या माणसाने शेवटी स्वतःलाही सोडले नव्हते. चाक दुरुस्त होईपर्यंत आम्ही घाट चढलो नाही.

आता मी चालवतो आणि नाना शेजारी बसतात. चढण लागली, की माझ्याकडे वळून विचारतात, “काय म्हणता ती?” मी म्हणतो, “बरी आसा.” पंचाहत्तरी गाठलेल्या नानांना ईश्वर उदंड, निरोगी आयुष्य देवो. माझ्या उत्तरावर त्यांचा कधीच विश्वास न बसो, आणि टॉमी घेऊन ते असेच टायर ठोकायला खाली उतरत राहोत.