हेल्मेटखालची चुंबळ

वाघोबाच्या घाटात, पालघरहून मनोरकडे उतरताना, देवळाच्या पुढच्या वळणावर माझं हेल्मेट सरकून डोळ्यांवर आलं. सायकल चांगलीच वेगात होती आणि समोर रस्त्याच्या जागी हेल्मेटची काळी कड. एका हाताने ते मागे ढकललं, दुसऱ्या हाताने ब्रेक दाबला आणि मागचं चाक खडीवरून घसरत कठड्याशी जाऊन थांबलं. मी पडले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या ग्रुपमध्ये नंतर जी गोष्ट फिरली तिच्यात मी पडले होते.

ग्रुप म्हणजे बोईसरच्या कारखान्यांत आणि तारापूरच्या वीज प्रकल्पात काम करणारी माणसं. रविवारी पहाटे सायकली काढायच्या, घाट चढायचा, मनोरला उतरून मिसळ खायची आणि परत. बाई मी एकटीच. म्होरक्या एक फिटर, साताऱ्याकडचा, वयाने सगळ्यांत मोठा. त्याला सगळे दादा म्हणायचे.

दादा मागून आला, सायकल टेकवली आणि माझं हेल्मेट धरून हलवलं. ते पुढे गेलं, मागे गेलं, कानावर कललं. गळ्याखालचा पट्टा लावलेला होता, तरी.

"ताई, हे हेल्मेट नाही, झाकण आहे. तेही दुसऱ्याच डब्याचं."

हे मला फार लागलं. बोईसरच्या एका कारखान्यात माझी नोकरीच बाटल्यांची झाकणं तपासायची आहे. गळणारं झाकण माझ्या हातून पुढे जात नाही.

"इथून पुढे घाट चढायचा सायकलवर आणि उतरायचा टेम्पोतून," दादा म्हणाला. "हे डोक्यावर बसेपर्यंत."

टेम्पो म्हणजे आमच्या मागून येणारी गाडी, पाण्याचे कॅन आणि पंक्चरचं सामान घेऊन. तिच्यात बसायचं ते पाय मुरगळलेल्याने. आमच्यातला एक हिंदी बोलणारा वेल्डर शेजारून जाता जाता म्हणाला, "मॅडम, आपने हेल्मेट नहीं पहना, हेल्मेट ने आपको पहना है." सगळे हसले. मीही हसले, पण ते दात दाखवण्यापुरतं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील होडीवर, आई मासळीबाजारात. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले तेव्हा निकाल बघायला अर्धी आळी आमच्या ओट्यावर होती, आणि त्यातल्या कुणालाच तो वाचता येत नव्हता. सायकल माझ्या पगाराची, हेल्मेट माझ्या पगाराचं. आणि चढ मी चढायचा, उताराचं सुख मात्र टेम्पोने घ्यायचं? मला लाज वाटत नव्हती, राग येत होता. त्या घाटाचा उतार मला माझ्या चाकांवर हवा होता. बाकी काही नको होतं.

घरी आईने तोंड बघूनच ओळखलं.

"काय गो, कुनाशी भांडलीस?"

मी सगळं सांगितलं.

"मंग त्यात काय हाय? चुंबळ घाल."

चुंबळ म्हणजे डोक्यावरच्या पाटीखाली ठेवायची फडक्याची गोल गुंडाळी. आईने जन्मभर मासळीची पाटी चुंबळीवर वाहिली. शिरगावच्या वाळूतून, एसटीच्या पायरीवरून, गिऱ्हाइकाशी हातवारे करून भांडताना, पाटी कधी तसूभर हलली नाही.

"आय, ती पाटी. हे हेल्मेट."

"डोक्यावरच ठेवायचा हाय ना? डोकं तं तेच हाय."

मी हेल्मेट तिच्या हातात दिलं. आईने जुन्या लुगड्याचा तुकडा पिळून गुंडाळला, माझ्या डोक्यावर ठेवला आणि वरून हेल्मेट दाबलं. घट्ट बसलं. मी घरभर चालले, मान हलवली, ओट्यावरून उडीसुद्धा मारली. हललं नाही. आई म्हणाली, "बघ. तुज्या दादाला सांग, आमी काय आज डोकी वापरतो काय?"

पुढच्या रविवारी खिंडीत चढून गेलो. कठड्यावर माकडं बसली होती. उतरण्याआधी दादाने सगळ्यांसमोर माझं हेल्मेट मागून वर उचललं. ते सहज उचललं गेलं आणि लुगड्याची हिरवी गुंडाळी कानावरून सुटून माझ्या खांद्यावर लोंबायला लागली.

"ये क्या, मॅडम, टिफिन का कपडा?" वेल्डर.

या वेळी दादा हसला नाही. ते जास्त वाईट होतं. "टेम्पो," एवढंच म्हणाला.

मी पाण्याचे कॅन आणि केळ्यांच्या घडांमध्ये बसून वाघोबाचा घाट उतरले. मागच्या उघड्या फळीतून एकेक जण दिसायचा. पोट सुटलेले, पन्नाशीचे, कालच सायकल घेतलेले, सगळे सुसाट जात होते. मी एक केळं सोललं आणि विचार करायला लागले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

पाटी हलत का नाही? कारण तिच्यात वजन आहे, ते सरळ खाली दाबतं, आणि आई ताठ मानेने चालते. माझ्या हेल्मेटला वजनच नाही. मी ताठ नाही, हँडलवर वाकलेली. वारा समोरून येतो, खड्ड्यांचे धक्के खालून. चुंबळीने तर हेल्मेट आणखी वर उचललं, वाऱ्याला आयतंच सापडलं. पाटी डोक्यावर ठेवलेली चालते. हेल्मेटने डोकं चहूबाजूंनी धरायला हवं. आई चुकली नव्हती, तिचं म्हणणं पाटीपुरतं खरं होतं. माझं उत्तर मला मिळालं होतं, फक्त एक आठवडा उशिरा आणि टेम्पोत.

झाकण गळायला लागलं की कारखान्यात आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलतो. सगळं एकदम बदललं तर कशाने थांबलं ते कळत नाही. मी तसंच केलं. शिफ्ट सुटली की बोईसरच्या रेल्वेवरच्या पुलाचा उतार पुन्हा पुन्हा धरायचा. तेवढाच उतार जवळ होता. रिक्षावाले विचारायचे, काय हरवलंय का.

आधी तेल. रविवारी पहाटे आई माझ्या डोक्यावर खोबरेल थापायची, त्यावर हेल्मेट साबणासारखं सरकायचं. तेल संध्याकाळवर ढकललं. थोडा फरक पडला.

मग अंबाडा. पुलावरून खाली येताना मी हँडलवर वाकले आणि पुढचं बघायला तोंड वर केलं. त्याच क्षणी मानेवरचा अंबाडा हेल्मेटच्या मागच्या कडेला लागला आणि त्याने हेल्मेट डोळ्यांवर ढकललं. अगदी त्या वळणावर झालं तसंच. मी पुलावरच ओरडले, "सापडला!" शेजारून जाणाऱ्या बाईने आपल्या पोराला जवळ ओढलं.

आणि मग खरी गोम ध्यानात आली. हेल्मेट घ्यायला गेले तेव्हाही माझा अंबाडा होताच. लहान मापात तो अडायचा म्हणून मी सगळ्यात मोठं घेतलं होतं. म्हणजे हेल्मेट अंबाड्याच्या मापाचं होतं. डोक्याचं माप कुणी घेतलंच नव्हतं.

आईला सांगितलं, रविवारी अंबाडा नाही, खाली सैल वेणी.

"येणी? लोकं काय बोलतील? कोळनीची पोर आनि आंबाडा नाय?"

"आय, लोकं मागून बघतील. मी तवर पुढं गेलेली असेन."

आईने माझा अंबाडा सोडला. मग तिने फणी घेतली. "बस खाली. पन येणी मीच घालनार. तुजी घातलेली येणी म्हंजे सुटलेला जाळा."

पालघरच्या दुकानात डोक्याभोवती टेप धरली, भुवयांच्या वर आणि कानांच्या वरून. माझं माप जुन्या हेल्मेटपेक्षा दोन नंबर लहान निघालं, तसं नवं हेल्मेट मागितलं. दुकानदार म्हणाला, "ताई, यात अंबाडा मावणार नाही. नंतर बदलून मिळणार नाही हां."

"मावायला नकोच आहे."

दुकानाबाहेरच्या बाकावर बसून मी ते लावलं. कपाळावर सपाट, भुवयांपासून दोन बोटं वर, मागे कललेलं नाही. आतला पट्टा आवळणारी मागची चकती फिरवत गेले, हेल्मेट हलवलं तर कपाळाची कातडी सोबत हलेपर्यंत. पट्टा न लावता खाली वाकले, पडलं नाही. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाच्या पाळीखाली मिळतील असे ओढले. हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच जागा. मग मोठा आ केला, तेव्हा हेल्मेट वरून डोक्यावर दाबलं गेलं पाहिजे. गेलं. पुन्हा आ केला, मान झटकली, पुन्हा आ केला.

दुकानदार बाहेर आला. "ताई, चहा सांगू का? फार जांभया येतायत."

रविवारी खिंडीत दादाने हेल्मेट पुढून उचललं, मागून उचललं, दोन्ही हातांनी पिळलं. माझ्या भुवया वर गेल्या, मान वळली. हेल्मेट होतं तिथे राहिलं.

"कुणी बसवून दिलं?"

"मी."

त्याने पुन्हा एकदा पिळून बघितलं. मग बाजूला झाला. "ब्रेक वळणाआधी. वळणात नाही. जा."

गेले. देवळापुढचं वळण आलं. वेग आधीच कमी केला, वाकले, तोंड वर केलं. रस्ता दिसला. अख्खा रस्ता, कठडा, खडी, पलीकडचा डोंगर, सगळं आपापल्या जागी. वळण सुटलं आणि मी ब्रेकवरची बोटं सैल केली. वारा कानांत घुमायला लागला. रस्त्याच्या उखडलेल्या पट्ट्यावर दात वाजले, हेल्मेट गप्प. मागून ट्रकचा हॉर्न आला, खांद्यावरून वळून बघितलं, पुन्हा समोर बघितलं, आणि हेल्मेट माझ्या नजरेसोबत गेलं आणि नजरेसोबत आलं, जणू माझंच हाड. ट्रक गेला. मग पुढे वेल्डरची पाठ दिसली.

"साइड!" मी ओरडले.

"अरे मॅडम, धीरे!"

धीरे आता काय जायचं? त्याच्या उजव्या अंगाने निघून गेले आणि खालच्या सपाटीला येईपर्यंत कुणाचीही पाठ मला दिसली नाही. हसत होते मी, एकटीच, तोंड उघडं टाकून. पट्टा हनुवटीला लागत होता आणि हेल्मेट डोक्यावर दाबत होतं.

पायथ्याला थांबले. एकेक करून सगळे आले, शेवटी दादा. सगळे मनोरच्या मिसळीच्या गप्पा करत पाणी पीत होते. मी बाटली स्टँडला अडकवली आणि सायकल घाटाकडे वळवली.

"ताई, मनोर इकडे," दादा म्हणाला.

"माहितेय. मी परत वर जाते."

"कशाला?"

"उतरायला."