आखूड धाग्याची लेन्स

फोटोग्राफरच्या मेमरी कार्डावरचे फोटो उडतात, डोक्यातले किस्से मात्र डिलीट होता होत नाहीत! वणीच्या बसस्टँडसमोरच्या टपरीवर आम्हा तिघांचा अड्डा. मी, अविनाश अन् गौतम. रोल जाऊन डिजिटल आलं तेव्हाच कापसाचे दिवस फिरले. लग्नं आटोपशीर झाली, अन् गिऱ्हाईक लेन्सची जाडी पाहून फोटोग्राफर ठरवू लागलं.

गौतमचा कॅमेरा चिमुकला, लेन्स लिंबाएवढी. "हा सीझन हातचा गेला त स्टुडिओले कुलूप," तो सरळ सांगायचा.

*

अविनाशनं यावर जालीम उपाय काढला. लेन्स मोठी दिसावी म्हणून पुढं दुसऱ्याच लेन्सचा लांब हूड, म्हणजे ऊन अडवणारं काळं नळकांडं, ठोकला! लग्नातल्या प्रत्येक फोटोचे चारी कोपरे काळे. आम्ही म्हटलं, आता मार खाते गडी. नवरीची आई अल्बम पाहून म्हणाली, "अगं बाई, गोल फ्रेमपण टाकून देली!"

*

मग आले बाबाराव. कापसाचे ग्रेडर, उभी जिंदगी धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये मोजण्यात गेलेली. पोरीच्या लग्नासाठी गौतमकडं चौकशीला आले.

"लेन्स कितीची हाय?"

"चौदा ते बेचाळीस एमेम, काका."

"चौदा? अबे, हा त आखूड धागा! तिसाच्या खाली मी हात नाही लावत!"

झालं, काम गेलं नागपूरच्या फोटोग्राफरकडं. अन् गौतमचं नाव गावभर पडलं 'आखूड धागा'. मले लय राग आला होता.

*

गौतम मात्र टपरीवर शांतपणे समजवायचा, "बैल तेवढाच राह्यते, पण दार लहान असलं का पुरं दार भरून टाकते. माह्या कॅमेऱ्याचं दार, म्हंजे आतला फोटो टिपणारा सेन्सर, रोलवाल्याच्या अर्धं. म्हणून माही दुसरी, दीडशेची लेन्स तुमच्या तीनशेचं काम करते!"

अविनाश म्हणे, "मंग दार अजून लहान कर ना बे! चंद्रावरचा ससा दिसन!"

*

त्याच हिवाळ्यात शंकरपट भरला. बैलांच्या शर्यतीत बाबारावांची जोडी होती, म्हणून त्यांनी बोलावलेले नागपूरवाले फोटोग्राफरही आलेले. त्यांची लेन्स दुधाच्या कॅनएवढी, खाली तिपाई. गर्दी पुढं सरकली अन् कॅनसमोर नुसती डोकीच डोकी!

दोन जोड्या चुन्याच्या रेघेवर एकदमच आल्या. भांडण पेटलं. कोणाची जिंकली?

"थांबा!" वरून आवाज आला. गौतम कडुलिंबावर! दीडशेची लेन्स, पेल्याएवढी, गळ्यात अडकवून चढला होता.

पंचांनी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो मोठा करून पाह्यला. बाबारावांच्या बैलाचं नाक रेघेपार, दुसऱ्याचं अलीकडं! मी छाती फुगवून ओरडलो, "आमचा आखूड धागा हाय तो!"

बाबारावांनी ती लेन्स दोन बोटांत धरली, कापसाचा पेळू पाहावा तशी उजेडात फिरवली. मग नागपूरवाल्यांना हात जोडले अन् गौतमकडं वळले.

"माहा ग्रेड चुकला, बाप्पा. पोरीच्या लग्नाले तूच ये. मांडव झाडाखालीच टाकतो!"