कुंईं नव्हे, ऊंऽऽ

गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेल्या त्या मेकॅनिकला सगळे कानसेन म्हणत. बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगायचा पठ्ठ्या! लोक लांबून यायचे ते त्याच्या कानासाठी. पाने काय, सगळ्यांकडेच असतात.

आणि नेमका तोच कान गेले सहा महिने दगा देत होता. बारीक आवाज ऐकूच येईनासे झाले होते. फोन वाजून वाजून थांबायचा, ह्याला पत्ता नाही. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? कान गेला म्हणजे गिऱ्हाईक गेलं, आणि नावही.

त्यात शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आपली वीस वर्षांची गाडी घेऊन आल्या. "वेग वाढवला की कुंईं करते हो!" ह्याने चक्कर मारली. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. पण तसं कबूल केलं तर तो कानसेन कसला? मान डोलावून म्हणाला, "हं, कळलं." कुंईं म्हणजे इंजिनाचा पट्टा, हे त्याला तोंडपाठ. पट्टा बदलला. चार दिवसांनी बाई परत हजर. मग पट्ट्याची पुली बदलली. आज तिसऱ्यांदा आल्या, चावी ठेवली आणि म्हणाल्या, "उद्या लांब जायचंय, लेकीकडे. रस्त्यात दगा नाही ना देणार?"

बाई गेल्या आणि ह्याचा जीव थाऱ्यावर राहीना. बॉनेट उघड, बंद कर, पुन्हा उघड. इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाशी धरलं, नुसती धडधड. ती इंजिनाची की स्वतःची, तेही कळेना. भर रस्त्यात गाडी बंद पडली आणि बाईंना काही झालं तर? 

शेजारच्या खोलीत बायको शिवणाचं मशीन चालवत होती. तो दारात जाऊन म्हणाला, "अगं, चल, चक्कर मारून येऊ."

"आज काय सूर्य पश्चिमेला उगवला?" म्हणत ती चटकन उठली. केसांवरून कंगवा फिरवला, चपला बदलल्या. कित्येक वर्षांत असं विचारलं नव्हतं ना त्याने! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्याने ॲक्सिलरेटर दाबला. "काही ऐकू येतंय?"

"येतंय की."

"कुंईं ना?"

"कुंईं कसलं? ऊंऽऽ करतेय. भोवरा फिरताना करतो ना, तसं. पाय दाबलात की चढतं, सोडलात की गप्प."

त्याने गाडी कडेला घेतली, न्यूट्रलवर टाकली, ॲक्सिलरेटर पुन्हा तसाच दाबला. "आता?"

"आता नाही."

हात्तिच्या! पट्टा असता तर उभ्या गाडीतही ओरडला असता. हा गिअरबॉक्स. बाईंच्या एका शब्दावर विसंबून त्याने भलतंच उपटलं होतं. गॅरेजात येऊन त्याचा खालचा बोल्ट काढला, तर ऑइलचे जेमतेम चार थेंब. सील गळत होतं.

बायको तिथेच उभी होती. "अहो, इतकं लख्ख येत होतं. तुम्हाला...?"

"नाही येत गं," तो म्हणाला आणि खालीच बसला. "सहा महिने झाले. फार भीती वाटते."

ती शेजारी स्टूल ओढून बसली.

सील बदलून, ऑइल भरून दोघं पुन्हा चक्कर मारून आले. "गप्प झाली," ती म्हणाली. संध्याकाळी त्याने बाईंना सगळं खरं सांगितलं. बाईंनी चावी उचलली, त्याच्या बायकोकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हिने ऐकलंय ना? मग मी निर्धास्त जाते."

दुसऱ्या दिवशी एक टेम्पोवाला आला. "कानसेन आहेत का?"

त्याने शेजारच्या खोलीकडे मान वळवली. आतून मशीनची टकटक चालू होती. तेवढी त्याला अजून ऐकू येत होती.

"आहेत ना," तो म्हणाला. "बसा. एवढी शिवण संपली की येतील."