परत न आलेली सुपारी

शेवंतीकाकूंवर अन्याय झाला तो गणपती विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी, बदलापूर गावातल्या देवळामागच्या सभागृहात, आमच्या पाणी गटाच्या बैठकीत, चहा यायच्या जरा आधी. हात वर करून तो मंजूर झाला. माझा हात खाली होता, पण एकट्या हाताने ठराव पडत नाही. हात वर करणारे बहुतेक सगळे नंतर काकूंच्या शोकसभेत पुढच्या रांगांत बसले होते आणि डोळे पुसत होते.

त्या गेल्याची बातमी मला कुठल्या माणसाने दिली नाही. मी उल्हासनगरला छापखान्यात पत्रकाचं प्रूफ तपासत होते, तेवढ्यात फोन वाजला. गटाच्या कामाच्या ॲपवर माझ्या नावावर नवं काम पडलं होतं... 'शोकसभा : काकूंचा फोटो मोठा करून आणणे.' खाली मुदत, बाजूला तातडीचा लाल ठिपका. कोणाची शोकसभा? कुठल्या काकू? आमच्या गटात काकू एकच होती. छापखान्याचे सिंधी मालक, ज्यांना सगळे साईं म्हणतात, माझं तोंड बघून म्हणाले, "क्या हुआ बेटा, मिस्टेक निकला क्या?" मी हो म्हटलं. निनादला, म्हणजे आमच्या चिटणिसाला, नंतर विचारलं की बाबा रे, एक फोन का नाही केलास? तर म्हणाला, "अगं, एकेकाला फोन करत बसण्यापेक्षा हे फास्ट होतं." काकूंना जाऊन आता दीड महिना होईल, पण ते 'फास्ट' माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

काकू कुळगावच्या, आगरी घरातल्या. अंबरनाथच्या एका कारखान्याचं कँटीन त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं. आवाज असा, की मोर्च्याला भोंगा न्यायची गरज पडायची नाही. माझं पहिलं पत्रक मी बाजारात वाटत होते, तेव्हा ते उभ्या उभ्या वाचून त्यांनी मागून हाक मारली होती, "ए पत्रकवाली! यात नुसता राग हाय. नलाला पानी कवा येनार, ते कुठं लिवलंस?" मी फणकारले. त्या हसल्या आणि मला धरून बैठकीला घेऊन गेल्या. तेव्हापासून माझं नाव पत्रकवालीच.

गटाचं काम त्या सुपारीवर चालवायच्या. त्यांच्या घरच्या लग्नात मांडव कोण घालणार, जेवणाचं कोण बघणार, हे चारचौघांत हातावर सुपारी ठेवून ठरायचं. तीच रीत त्यांनी गटात आणली. काम अंगावर घेणाऱ्याने काकूंच्या स्टीलच्या डब्यातून सुपारी उचलायची. काम झालं की ती काकूंना परत द्यायची नाही, ज्याचं काम होतं त्याच्या हातात द्यायची. त्या माणसाचं समाधान झालं, तर तो स्वतः ती आणून डब्यात टाकणार. "काम झालं हे करनाऱ्यानं बोलायचं नाय," काकू म्हणायच्या, "जिची कलशी भरली तिनं बोलायचं." मोर्च्याच्या बंदोबस्तात आम्ही हळूच चिडवायचो, पोलिसांसमोर सुपारी सुपारी करू नका हो, सगळ्यांना आत घेतील. "घेऊ दे की, जल्लं आत तरी पानी असंल!"

शोकसभेत निनाद बोलला की काकू जुन्या पिढीच्या, त्यांना टेक्नॉलॉजी जमली नाही, पण मन मोठं. हे साफ खोटं आहे, आणि त्यासाठीच मी हा लेख लिहायला बसले. फोनात काहीतरी बसवा, हा आग्रहच मुळी काकूंचा होता. गट वाढला होता. चिखलोलीच्या नव्या टॉवरमधून तक्रारी यायच्या आणि बारवीकडच्या पाड्यांतूनही. एकाच गळतीवर दोघं धावायचे आणि दुसरीकडे कोणीच फिरकायचं नाही. व्हॉट्सॲपवर टाकलेली तक्रार दुपारपर्यंत फुलांच्या फोटोंखाली गाडली जायची. सुपारी हातावर ठेवायला माणूस समोर लागतो, आणि आता माणसं समोर नसायची. हे काकूंनीच सगळ्यांच्या आधी बोलून दाखवलं.

मग आम्ही ॲपं बघितली. काकू चष्मा नाकावर ओढून माझ्या शेजारी बसायच्या. त्यांच्या अटी साध्या होत्या : मराठीत हवं, पाड्यावरून तक्रारी कळवणाऱ्या बुधीच्या जुन्या फोनवर चाललं पाहिजे, आणि 'झाले' हे बटण तक्रार करणाऱ्याच्या हातात पाहिजे. एकात मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले. एक होतं रंगीबेरंगी, इंग्रजी, कामांची कार्डं या रकान्यातून त्या रकान्यात सरकवायची. "यात काम कमी नि खिडक्याच जास्त," काकूंनी निकाल दिला. तिसरं अगदी साधं. पण मराठीत होतं, रेंज गेली तरी लिहिलेलं जपून ठेवायचं आणि तक्रार बंद करायची मुभा तक्रारदाराला द्यायचं. काकू स्वतः बुधीकडे जाऊन तिच्या फोनवर ते चालवून आल्या. निनाद म्हणाला, रेशनच्या दुकानाच्या पाटीसारखं दिसतं हो. त्याच्या ऑफिसात रंगीबेरंगी वापरायचे. त्यात आलेख निघायचे, अहवालात छान दिसायचे.

त्या रविवारी रंगीबेरंगीच निवडून आलं. फुकटात ठरावीकच सभासद बसत होते, म्हणून कार्यकारिणीला पूर्ण हक्क मिळाले, पाड्यांना काहीच नाही, आणि काकूंना 'गेस्ट'. म्हणजे बघायचं, हात लावायचा नाही.

"मी पाव्हनी?" काकूंनी विचारलं. "चूल मी मांडली रं निनाद."

"काकू, फक्त सेटिंग आहे हो ते. मनाला लावून घेऊ नका."

"नि बुधी?"

"तिचं आपण अपडेट करत जाऊ ना."

हात वर झाले. चहा आला.

पुढचं सांगताना मला लाज नाही वाटत, संताप येतो. पाड्यावरच्या हातपंपाचं काम निनादकडे होतं. ॲप यायच्या आधी त्याने त्याची सुपारीही उचलली होती. थोड्याच दिवसांत ते कार्ड 'झाले'मध्ये सरकलं, हिरवं झालं, अहवालात गेलं. काकू पाड्यावर गेल्या तर बुधी ओढ्यावरून हंडे आणत होती आणि पंपाची दांडी मोडकी ती मोडकीच. पुढच्या बैठकीत त्यांनी विचारलं. निनाद म्हणाला, "आपल्या बाजूचं झालं ना काकू. अर्ज देऊन पोच घेतली."

"मग तो अर्ज पिऊन बघ," काकू म्हणाल्या.

सगळे हसले. कार्ड हिरवंच राहिलं. नंतर चहाला बसलो असताना काकू फोनवर ते कार्ड उघडून अंगठ्याने पुन्हा पुन्हा दाबत होत्या. पाहुण्यांसाठी बटण पुसट असतं, ते दबत नाही... "सरकंना गं हे," एवढंच म्हणाल्या. माझी त्यांची ती शेवटची भेट. चार दिवसांनी त्यांचं हृदय थांबलं. ॲपमुळे कोणी मरत नाही, एवढं मलाही कळतं. पण त्या हरल्यासारख्या गेल्या, आणि तेवढ्यासाठी मी कोणाला माफ करणार नाही.

त्यांच्या सुनेने मला तो स्टीलचा डबा दिलाय. झाकण उघडलं की अजून त्यांच्या कपाटातल्या कापराचा वास येतो. आत सुपाऱ्या आहेत, पण हातपंपाची नाही. निनादला मागितली तर म्हणाला, "कुठेतरी पडली असेल, डझनभर आणून देतो." नको. ती एकच हवीय, आणि तीही माझ्या हातात नाही, बुधीच्या हातात.

आणि हे वाचणाऱ्या तुम्ही. तुमच्या सोसायटीत, मंडळात, ऑफिसात आज ना उद्या असंच काहीतरी निवडायला बसाल. मोठ्या पडद्यावर रंग दाखवतील, आलेख दाखवतील, मत मागतील. तेव्हा उभं राहून मोठ्याने विचारा, की यात 'झाले' कोण म्हणणार? जिची कळशी रिकामी आहे ती, की ज्याला अहवाल पाठवायचाय तो? उत्तर मिळेपर्यंत हात खाली ठेवा.