सुजाताचा ढेकूण

कोल्हापुरातल्या आमच्या कीटकांच्या लॅबमध्ये माणसं चारच, पण किस्से कपाटात मावणार नाहीत एवढे. अलीकडचे फारसे हसायचे नाहीत. तरी चहाला बसलो की तेच निघतात.

सुजाता कांबळे नेसरीची. तिकडच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, दगडाखाली तिला एक चपटा ढेकूण सापडला. घरातला नव्हे, रानातला, झाडांचा रस पिणारा. माहीत असलेल्या कुठल्याच गटात तो बसेना.

आमचे सर म्हणाले, "बसत न्हाय म्हंजे बघणाऱ्याचं चुकतंय. परत बघ."

तिनं तीन महिने परत बघितलं. मग सर स्वतः मायक्रोस्कोपला बसले. उठताना एवढंच म्हणाले, "ह्याला नवीन घर बांधाय लागतंय की."

*

नवीन गट मांडायचा तर नर उघडून आतले अवयव बघावे लागतात. आमच्याकडं नर एकच. हे काम सरांचं. त्यांनी सुई उचलली, थोडा वेळ धरली आणि सुजातापुढं ठेवली.

"हात थरथरतोय. तू कर."

"सर, बिघडलं तर?"

"तुझ्या हातनं बिघडलं तर चालंल. माझ्या नको."

सरांचा आजार आम्हाला त्या दिवशी कळला.

*

सुजातानं तो नर नीट उघडला, पण एकावर भागत नाही. आणखी नर शोधायला सड्यावर गेलो, तर तिथं जेसीबी. दगडासाठी निम्मा सडा खोदून नेलेला.

ड्रायव्हरनं विचारलं, "काय हुडकताय पावणं?"

"ढेकूण."

"मग आमच्या खोलीवर या. लई हायती."

कुणी हसलं नाही. सुजाता संध्याकाळपर्यंत उरलेले दगड उलटत राहिली. एकही मिळाला नाही.

*

सर दवाखान्यात असताना ती रोज दुपारी जाऊन लिहिलेलं वर्णन वाचून दाखवायची. सर डोळे मिटून दुरुस्त्या सांगायचे. "काळा न्हवं, काळपट."

एकदा ती म्हणाली, "सर, तुमचं नाव देऊ या ह्याला."

"माझं नको. सड्याचं दे. नावात तरी ऱ्हाईल."

पेपर सरांच्या माघारी छापून आला. नवा गट मान्य झाला. नाव सड्याचंच आहे.

*

सर गेले तेव्हा खोलीत सुजाता एकटीच होती. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, डबा आणायला घरी गेलेल्या. दहाव्याला त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"शेवटी काय म्हणाले गं?"

"'तिला जेवाय सांग' म्हणाले, काकू."

"चाळीस वर्षांत माझ्या जेवणाचं कधी इचारलं न्हाय त्यांनी. खरं सांग."

सुजातानं मान खाली घातली. "'ढेकणाच्या मागच्या पायाचं काटं परत मोज' म्हणाले."

काकूंनी पदरानं तोंड पुसलं.

"मग? मोजलेस?"